बर्थाची गाडी आणि आमचा ट्रक

मे महिन्यातली टळटळीत दुपार. भिसे खिंडीत ट्रक गरम होऊन उभा राहिल्याचा फोन आला आणि माझ्या पोटात गोळाच आला. धाटावच्या कारखान्यातला माल भरलेला, नागोठण्याला वेळेत पोचवायचा. महिन्याभरातली ही तिसरी वेळ! ह्यांना अर्धांगाचा झटका आल्यापासून ट्रकचा कारभार माझ्याकडे आला. कारभार म्हणजे भाडं, डिझेल, हप्ते आणि हिशोबाची वही. बॉनेटच्या आत डोकावण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी ती येऊही दिली नव्हती.

गॅरेजवाल्यानं उभ्या उभ्या निदान केलं की हेड गॅसकेट गेलंय, इंजिन खोलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून रात्री मी ट्रक विकायचाच विचार करत बसले. अष्टमीतलं आमचं घर त्या एका ट्रकवर चालतं, आणि ड्रायव्हरदादांचंही.

सासऱ्यांच्या वेळचे एक म्हातारे मिस्त्री रोह्याला राहतात. कुंडलिकेचा पूल ओलांडून ते संध्याकाळी आले आणि त्यांनी भलताच प्रश्न विचारला. काटा वर चढतो तेव्हा केबिनमधला हीटर लावून बघितला का? आम्ही सगळे हसलो. ट्रक सेकंडहँड, थंडीच्या मुलखातून आलेला, म्हणून त्यात हीटर. आमच्या कोकणात त्याला हात कोण लावणार? पण ड्रायव्हरदादांना आठवलं, खिंडीत त्यांचा हात चुकून त्या बटणाला लागला होता आणि हवा गारच आली होती. इंजिन तापलेलं आणि हीटर गार! मिस्त्रीकाका नुसते मान हलवत राहिले. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, अशी ताकीद देऊन, सकाळी येतो म्हणून ते निघून गेले.

झोप कुठली यायला? इंजिनीअरिंगला असलेली लेक शेजारी येऊन बसली आणि मला धीर द्यायला म्हणून तिनं एका बाईची गोष्ट सांगितली. रस्त्यात बंद पडलेली गाडी दुरुस्त करत जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास करणारी बाई. बर्था बेंझ. त्यानंतर मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतल्या फोर्झहाइम गावचा. वडील रिंगर हे सुतारकाम आणि बांधकामातले सधन गृहस्थ. ती जन्मली तेव्हा, पुन्हा मुलगीच झाली म्हणून, वडिलांनी घरातल्या बायबलमध्ये खेदाची नोंद केली होती असं सांगतात. मोठी झाल्यावर तिनं ती वाचली. वाचून काय वाटलं असेल, ते आपल्यातल्या कितीतरी जणींना सांगायला नको!

१८६९ मध्ये एका सहलीत तिची कार्ल बेंझशी ओळख झाली. घोड्यावाचून चालणाऱ्या गाडीचं वेड घेतलेला, खिशात फारसं काही नसलेला हा तरुण. लग्न ठरलं, पण त्याआधीच कार्लचा भागीदार बेभरवशाचा निघाला. तेव्हा बर्थानं आपला हुंडा लग्नाच्या आधीच मागून घेतला आणि त्या पैशातून भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन कारखाना वाचवला. २० जुलै १८७२ ला लग्न झालं. त्या काळच्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या पैशाचा व्यवहार स्वतः करता येत नसे. म्हणजे कारखाना उभा राहिला तो तिच्या पैशावर, पण अक्षता पडल्यावर कागदावर ती कुणीच नाही.

पुढची वर्षं ओढाताणीची होती. पदरात मुलं, डोक्यावर कर्ज. १८७९ च्या वर्षअखेरीची रात्र. कार्लचं इंजिन काही केल्या चालेना. जेवणं झाल्यावर बर्थानंच आग्रह धरला की आणखी एकदा बघून येऊ. दोघं कारखान्यात गेली आणि त्या रात्री इंजिन धडधडायला लागलं. नव्या वर्षाच्या घंटा वाजेपर्यंत दोघं तो आवाज ऐकत उभी होती. तिथून गाडीपर्यंत यायला आणखी काही वर्षं गेली. २९ जानेवारी १८८६ ला तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज झाला. पेटंटवर बर्थाचं नाव अर्थात नव्हतं.

गाडी झाली, पण घेणार कोण? लोकांना तिची भीती वाटे, आणि कार्ल काही चार लोकांत जाऊन आपल्या मालाची तारीफ करणारा नव्हता. मग ऑगस्ट १८८८ मध्ये, उन्हाळ्याच्या सुट्टीत, बर्थानं एका पहाटे पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड या मुलांना सोबत घेतलं आणि नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली. मानहाइमहून फोर्झहाइमला, माहेरी. अंतर सुमारे १०६ किलोमीटर. रस्ते घोडागाड्यांचे, आणि पेट्रोलपंप हा शब्दसुद्धा जन्माला आलेला नव्हता.

इंधन संपत आलं तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिनं लिग्रोइन घेतलं. कपड्यांवरचे डाग काढायला वापरतात ते. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून ओळखलं जातं. इंधनाची नळी तुंबली, तिनं टोपीची पिन काढून ती मोकळी केली. तारेचं आवरण झिजलं, पायमोजे बांधायचा पट्टा तिथं गुंडाळला. साखळी सैल पडली तर लोहार गाठला. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडं बसवून घेतलं. आज सगळ्या गाड्यांत असतात त्या ब्रेकच्या लायनिंगची ही सुरुवात.

पण मला सगळ्यात भिडलं ते पाणी. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. इंजिनाभोवती पाणी असे, ते उकळायचं, त्याची वाफ होऊन उडून जायची आणि त्याबरोबर इंजिनाची उष्णताही जायची. त्यामुळे पाणी सारखं कमी व्हायचं. ओढा दिसला की थांब, विहीर दिसली की थांब, खाणावळ दिसली की पाणी माग. म्हणजे जगातल्या त्या पहिल्या मोठ्या मोटारप्रवासात इंजिन तापू नये याची काळजी घेतली ती एका आईनं आणि तिच्या दोन पोरांनी. चढावर गाडी दम टाकायची, तेव्हा उतरून ढकलायचं काम वेगळंच. अंधार पडता पडता फोर्झहाइमला पोचल्यावर तिनं नवऱ्याला सुखरूप असल्याची तार केली.

काही दिवसांनी ती त्याच गाडीनं परत आली, आणि काय काय कमी पडतं ते तिनं कार्लला सांगितलं. चढासाठी त्यानं जादा गिअर बसवला. गावोगावी गाडीची चर्चा झाली आणि पुढे धंदा वाढत गेला. १९२६ मध्ये बेंझ आणि डाइमलर या कंपन्या एक झाल्या. १९२९ मध्ये कार्ल गेला. बर्था त्यानंतर पंधरा वर्षं जगली. ९५ व्या वाढदिवशी कार्ल्सरूहेच्या तंत्रविद्यापीठानं तिला मानाची पदवी दिली आणि दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ ला, लाडेनबुर्गच्या घरी तिनं डोळे मिटले. ज्या रस्त्यानं ती गेली तो रस्ता २००८ पासून तिच्या नावानं ओळखला जातो.

गोष्ट ऐकता ऐकता मला भिंतीवरचा फोटो आठवला. सासरे आपल्या पहिल्या ट्रकला टेकून उभे, आणि ट्रकच्या नाकावर तीन टोकांचा तारा. १९५४ ते १९६९ अशी पंधरा वर्षं टाटांचे ट्रक बेंझच्या कंपनीच्या सहकार्यानं जमशेदपूरला तयार होत आणि त्यांवर तो तारा असे. म्हणजे बर्थाचं आमच्या अष्टमीशी इतकं लांबचं का होईना, नातं होतं तर!

सकाळी मिस्त्रीकाका आले तेव्हा मी पदर खोचून त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्यांनी आधी ऑइलची पट्टी काढून दाखवली. ऑइलमध्ये पाणी मिसळलं असतं तर ते दुधाळ झालं असतं, ते तसं नव्हतं. मग थंड रेडिएटरचं झाकण उघडलं. पाणी बरंच खाली. काकांनी समजावलं की हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा ती ऊब केबिनमध्ये सोडतो. काटा वर आणि हीटर गार, म्हणजे गरम पाणी तिथवर पोचत नाही. पाणी तरी कमी आहे, नळ्यांत हवा तरी भरलीय, नाहीतर पंप पाणी फिरवत नाही.

पाणी भरून, झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू केलं. सुरुवातीला बुडबुडे आले आणि थांबले. ते येतच राहिले असते तर गॅसकेटचा संशय खरा ठरला असता. मग पाणी जातं कुठं? हीटरकडे जाणारा रबरी पाइप मीच हातानं चाचपला. क्लिपच्या जवळ तो चिरला होता. त्यातून थेंब थेंब पाणी तापलेल्या इंजिनावर पडायचं आणि वाफ होऊन उडून जायचं. खाली ओल दिसणार कशी? ड्रायव्हरदादा रोज विहिरीचं पाणी ओतायचे आणि कुणालाच काही वाटायचं नाही. ज्या हीटरला आम्ही हसलो, त्याच्याच पाइपातून आमचे पैसे वाफ होऊन जात होते.

नवा पाइप, नव्या क्लिपा, रेडिएटरला नवं झाकण, आणि विहिरीच्या पाण्याऐवजी कूलंट. इंजिन खोलायच्या खर्चापुढे हे बिल म्हणजे किरकोळच. पहिल्याच फेरीला मी ड्रायव्हरदादांशेजारी बसून भिसे खिंड चढले. काटा मध्यावर. भर मे महिन्यात हीटर लावला आणि गरम हवेचा झोत तोंडावर घेतला. दादांना वाटलं असेल, वहिनींना ऊन लागलं!

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी घरच्या रिक्षेचा, टेम्पोचा, ट्रकचा हिशोब चोख ठेवतात, पण बॉनेट उघडलं की दोन पावलं मागे सरतात. मीही सरायचे. बर्थाला कायद्यानं कागदावर जागा दिली नव्हती. माझं नाव आता आमच्या ट्रकच्या आरसी बुकावर आहे. रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पाणी मी स्वतः बघते.