कर्नल स्किनर व त्यांचा नवस

दिल्ली शहरांत काश्मिरी दरवाज्याजवळ सेंट जेम्स नांवाचें एक जुनें ख्रिस्तमंदिर आहे. मधोमध मोठा घुमट, आणि चोहों बाजूंस क्रूसाच्या आकारानें पसरलेल्या भुजा. हें मंदिर कोणा मिशनानें बांधिलेलें नाहीं. एका घोडेस्वार सरदारानें तें स्वतःच्या पैशानें उभारिलें. त्या गृहस्थांची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

जेम्स स्किनर ह्यांचा जन्म 1778 सालीं झाला. वडील हर्क्युलस स्किनर हे कंपनी सरकारच्या फौजेंतील स्कॉटिश अंमलदार. आई एका रजपूत जमीनदाराची कन्या, लढाईच्या धामधुमींत वयाच्या चौदाव्या वर्षीं त्यांच्या हातीं सांपडलेली. परक्याच्या घरांत राहूनही ह्या बाईनें आपला पडदा सोडिला नाहीं. पुढें मुलींस शाळेंत घालण्याचें नवऱ्यानें ठरविलें, तेव्हां कुळाची अब्रू गेली असें समजून तिनें आपला प्राण दिला. जेम्स त्या वेळीं सुमारें बारा वर्षांचे होते.

वडिलांनीं मुलास कलकत्त्यास एका छापखान्यांत उमेदवार म्हणून ठेविलें. तेथून ते थोड्याच दिवसांत पळाले. त्यांस शिपाईगिरी पाहिजे होती. पण ती वाट बंद झाली होती. ज्याचे आईबाप दोघेही युरोपियन नाहींत त्यास कंपनीच्या फौजेंत अंमलदारी देऊं नये, असे नियम 1791 पासून होऊं लागले होते. अशा मनुष्यानें पलटणींत बाजा वाजवावा किंवा घोड्यांस नाल ठोकावी, एवढीच त्याची पायरी. बाप त्याच फौजेंत अंमलदार आणि मुलास दार बंद! जन्मावरून मनुष्याची किंमत ठरविण्याची विद्या आपल्याच देशांतील लोकांस अवगत आहे, असें कोणीं समजूं नये.

तेव्हां हा तरुण आमच्या मराठ्यांकडे आला. शिंद्यांच्या कवायती फौजेचे सेनापति द बॉयन ह्यांनीं त्यास ठेवून घेतलें. तेथें रक्त कोणीं विचारिलें नाहीं, तलवार पाहिली.

1800 सालीं राजपुतान्यांत उणियारा येथें जी लढाई झाली तींत स्किनर ह्यांस गोळी लागून ते पडले. त्यांची पलटण बहुतेक कापली गेली होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शुद्धि आली तों सभोंवार मेलेले व मरणोन्मुख शिपाई पडलेले. जवळच त्यांचा एक सुभेदार, एक पाय गोळ्यानें तुटलेला. दिवसभर ऊन, घसा कोरडा, आणि रात्रीं प्रेतांवर कोल्ह्यांची गर्दी. त्या रात्रीं स्किनर ह्यांनीं देवास नवस केला कीं, जगलों तर तुझ्या भजनासाठीं मंदिर बांधीन. (नवस करून देवाशीं सौदा करावा असें आम्ही मंडळीस शिकवीत नाहीं, पण त्या रणांगणावर आम्ही पडलों नव्हतों.)

पुढल्या सकाळीं एक पुरुष व एक म्हातारी बाई टोपलींत भाकरी व मडक्यांत पाणी घेऊन आलीं आणि ज्याला त्याला वांटूं लागलीं. तीं चांभार होतीं. स्किनर ह्यांनीं भाकरी खाल्ली, पाणी प्यालें, आणि देवाचे व त्या बाईचे उपकार मानिले. सुभेदार रजपूत होता. त्यानें तोंड फिरविलें. स्किनर ह्यांनीं त्याची पुष्कळ समजूत घातली, पण घटकाभराच्या जिवासाठीं आपण बाटणार नाहीं, असाच त्याचा निश्चय राहिला. ज्यांच्या वडील माणसांस विहिरीपासून दूर उभें केलें जात असे त्या आमच्या वाचकांस ह्या प्रसंगावर टीका नको. आम्ही इतकेंच सांगतों कीं, तो सुभेदार भ्याड नव्हता, आणि त्या बाईनें त्यालाही पाणी देऊं केलें होतें.

पुढें शत्रूनेंच स्किनर ह्यांस उचलून नेलें, बरें केलें व सोडून दिलें. परत आल्यावर त्यांनीं त्या चांभारणीस आपली आई म्हणून एक हजार रुपये पाठविले. ज्यांची सख्खी आई पडद्यापायीं गेली, त्यांस दुसरी आई ही अशी मिळाली.

1803 सालीं इंग्रजांचें व शिंद्यांचें युद्ध जुंपलें. तेव्हां शिंद्यांचा फ्रेंच सेनापति पेराँ ह्यानें ब्रिटिश रक्ताच्या अंमलदारांवर विश्वास नाहीं म्हणून त्यांस काढून टाकिलें, आणि त्यांत स्किनरही गेले. त्यांची राहण्याची इच्छा होती, ऐकतो कोण? इंग्रजांनीं हिंदी म्हणून नाकारिलें, फ्रेंचानें इंग्रज म्हणून हांकलिलें. शेवटीं ते लॉर्ड लेककडे गेले, पण ज्या शिंद्यांचें अन्न खाल्लें त्यांच्यावर शस्त्र धरणार नाहीं, ही अट घालून गेले. शिंद्यांकडून फुटून आलेल्या स्वारांनीं आपला सरदार म्हणून त्यांसच मागून घेतलें. हेंच पिवळ्या कुडत्यांचें स्किनरचें रिसाले. शिपाई त्यांस सिकंदर साहेब म्हणत. सरकारनें मात्र बरोबरीचा हुद्दा व मान देण्यास त्यांच्या वयाची पन्नाशी येऊं दिली. 1833 च्या कायद्यानें धर्म, जन्मस्थान, कुळ किंवा रंग ह्यांवरून कोणास कंपनीची नोकरी नाकारूं नये असें ठरलें, तेव्हां ते म्हातारे होत आले होते.

त्यांस आम्ही संत ठरवीत नाहीं. त्यांच्या घरीं अनेक बायका होत्या, आणि त्यांची राहणी मोंगली उमरावाची होती. इंग्रजीपेक्षां फारशी त्यांस अधिक सफाईनें लिहितां येई. हिंदुस्थानांतील जातींविषयीं त्यांनीं 1825 सालीं त्या भाषेंत एक सचित्र ग्रंथ सिद्ध केला. नवस मात्र ते विसरले नाहींत. 1836 च्या नोव्हेंबरांत कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन ह्यांनीं मंदिराचें समर्पण केलें.

स्किनर 1841 च्या डिसेंबरांत हांसी येथें वारले. आपणास मंदिराच्या उंबऱ्याखालीं पुरावें, म्हणजे आंत जाणाऱ्या प्रत्येकाचा पाय ह्या पाप्यावर पडेल, अशी त्यांची इच्छा होती असें सांगतात. पुढल्या महिन्यांत त्यांचें प्रेत हांसीहून दिल्लीस आणिलें गेलें. लोकांनीं त्यांस उंबऱ्याखालीं ठेविलें नाहीं. आंत, वेदीजवळ ठेविलें.