ऐरणीवर ठरलेली शर्यत

शर्यतींचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या नावांनी लिहिला जातो. पहिला कोण आला एवढेच नोंदवहीला ठाऊक असते. तो पहिला का आला आणि दुसरा मागे का राहिला, याची चौकशी करण्याचे तिला प्रयोजन नसते. यूजेन क्रिस्तॉफ या फ्रेंच सायकलपटूने तूर द फ्रान्स ही शर्यत एकदाही जिंकली नाही. तरीही अनेक विजेते विस्मृतीत गेल्यानंतर त्याचे नाव टिकून राहिले. हे कशामुळे घडले, याचा विचार केवळ क्रीडाप्रेमींनीच करावा असे नाही.

क्रिस्तॉफचा जन्म २२ जानेवारी १८८५ रोजी पॅरिसलगतच्या मालाकॉफ या गावी झाला. तरुणपणी तो कुलपे बनविणारा कारागीर होता. कानस, हातोडा आणि तापलेले लोखंड यांच्याशी जडलेले हे नाते पुढे त्याच्या कामी यावयाचे होते. हिवाळ्यात चिखल, शेते आणि झाडी यांतून सायकल हाकण्याची, आणि जेथे हाकता येत नाही तेथे ती खांद्यावर घेऊन धावण्याची सायक्लोक्रॉस नावाची शर्यत तेव्हा फ्रान्समध्ये रुजत होती. १९०९ ते १९१४ अशी सलग सहा वर्षे आणि पुन्हा १९२१ मध्ये तो या प्रकाराचा राष्ट्रीय विजेता ठरला. १९१० च्या एप्रिलमधील मिलान–सान रेमो शर्यत तर बर्फवृष्टीने गाजली. साठांहून अधिक स्पर्धक निघाले. अधिकृत निकालात चारच नावे उरली. थंडीने गारठलेल्या क्रिस्तॉफने वाटेतील एका खाणावळीत ऊब घेतली, पुन्हा रस्ता धरला आणि बारा तासांहून अधिक काळ झुंजून शर्यत जिंकली. त्या विजयाची किंमत म्हणून त्याला इस्पितळात दिवस काढावे लागले.

तूर द फ्रान्समध्ये १९१२ साली निकाल वेळेवर नव्हे, तर टप्प्यागणिक क्रमांकाच्या गुणांवर ठरत असे. क्रिस्तॉफने सलग तीन टप्पे जिंकले. त्यांतील एकात तो ३१५ किलोमीटर एकटाच पुढे होता. परंतु मिनिटभराने जिंकलेला टप्पा आणि अशा पराक्रमाने जिंकलेला टप्पा यांना गुणांच्या हिशेबात सारखेच मोल. ओदील दफ्रे पहिला आला, क्रिस्तॉफ दुसरा. पुढील वर्षी वेळेचा हिशेब पुन्हा सुरू झाला.

आणि त्याच १९१३ साली पिरेनीज पर्वतात तो प्रसंग घडला. बायोन ते ल्युशाँ हा टप्पा चालू असता आघाडीवरचा दफ्रे मागे पडला आणि एकूण शर्यतीत क्रिस्तॉफ सर्वांच्या पुढे गेला. तुर्माले घाट उतरताना पुढचे चाक ज्या दुबेळक्यात बसते तो फोर्कच मोडला. स्पर्धकाने दुरुस्ती स्वतःच करावी, कोणाचीही मदत घेऊ नये, असा कडक नियम होता. क्रिस्तॉफने सायकल खांद्यावर घेतली आणि दहा किलोमीटरांहून अधिक वाट तुडवीत सेंट मारी द कांपां हे खेडे गाठले. तेथील लोहाराच्या भट्टीवर, पंचांच्या डोळ्यांदेखत, त्याने फोर्क जोडला. दोन्ही हात गुंतलेले असल्याने भाता मात्र एका मुलाने ओढला. तेवढ्यासाठी दंड झाला. प्रथम दहा मिनिटांचा, नंतर कमी करून तीन मिनिटांचा. जवळपास चार तास आधीच गेलेले होते. शर्यत फिलीप तिसने जिंकली. क्रिस्तॉफ सातवा आला.

महायुद्धानंतर १९१९ मध्ये शर्यत पुन्हा भरली. आघाडीवरचा स्पर्धक प्रेक्षकांना ओळखू यावा म्हणून ग्रनोब्ल येथे क्रिस्तॉफला पिवळी जर्सी देण्यात आली. तूरच्या इतिहासातील ही पहिली पिवळी जर्सी. पॅरिस दोन टप्प्यांवर आले असता, मेट्झ ते डंकर्क या ४६८ किलोमीटरांच्या टप्प्यात, व्हालांसिएनजवळ पुन्हा फोर्क मोडला. पुन्हा स्वतःच्या हातांनी दुरुस्ती, पुन्हा तासाहून अधिक वेळ वाया. फिर्मां लांबो विजयी झाला, क्रिस्तॉफ तिसरा. हळहळलेल्या जनतेने वर्गणी काढली आणि तेरा हजारांहून अधिक फ्रँक जमविले. १९२२ मध्ये गालिबिए घाट उतरताना तिसऱ्यांदा फोर्क मोडला, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.

यास केवळ दुर्दैव म्हणून स्वस्थ बसता येईल काय? कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले, त्यामागे शाप होता, असे आपण मानतो. क्रिस्तॉफच्या बाबतीत शाप नव्हता. सदोष लोखंड होते, खडबडीत रस्ते होते आणि एक नियम होता. सायकल बनविणारे कारखानदार विजयाची जाहिरात करीत. परंतु त्यांच्या मालाने दगा दिला की जबाबदारी एकट्या स्वाराची. स्वावलंबन हा गुण खराच. तथापि ज्याच्या हाती साधनाची निर्मिती नाही, त्याच्याच माथी साधनाचा दोष मारणे हे स्वावलंबन नव्हे, अन्याय आहे. क्रिस्तॉफने तो नियम अखेरपर्यंत पाळला; त्यामुळे नियम न्याय्य ठरत नाही, एवढेच की क्रिस्तॉफ मोठा ठरतो.

त्याची कारकीर्द अपयशाची होती, असेही म्हणता येणार नाही. १९२० मध्ये पॅरिस–तूर, त्याच वर्षी आणि १९२१ मध्ये बोर्दो–पॅरिस या शर्यती त्याने जिंकल्या. १९२५ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, तो शेवटचा तूर धावला. पायडलवर पाऊल पक्के बसविणाऱ्या क्लिपा आणि पट्टे त्याच्या नावाने जगभर खपले. १ फेब्रुवारी १९७० रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

आज स्वारांच्या मागून राखीव सायकली घेतलेल्या मोटारी धावतात आणि काही क्षणांत सायकल बदलून मिळते. त्या जुन्या नियमाचा कोणी आग्रह धरीत नाही. त्या पर्वतातील खेड्यात मात्र भट्टीच्या जागी क्रिस्तॉफच्या नावाचा फलक आहे. शर्यत हरल्याबद्दल उभारलेली स्मारके जगात फार थोडी असतील.