मुलींच्या बास्केटबॉलची जननी : सेंडा बेरेन्सन

सांताक्रूझच्या शाळांच्या पटांगणांत बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली पाहिल्या म्हणजे, हा खेळ मुलींच्या हातीं प्रथम कोणीं दिला, असा प्रश्न सहज मनांत येतो. त्या बाईंचें अल्प चरित्र आम्ही विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

सेंडाबाईंचा जन्म १९ मार्च १८६८ रोजीं लिथुएनियांतील एका ज्यू कुटुंबांत झाला. १८७५ सालीं हें कुटुंब अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं येऊन राहिलें. तेथें वडील फेरीवाल्याचा धंदा करीत. पुढें कलासमीक्षक म्हणून नांवाजलेले बर्नार्ड बेरेन्सन हे सेंडाबाईंचे थोरले बंधु. सेंडाबाईंस पियानोची आवड होती; परंतु प्रकृति इतकी नाजूक कीं, पाठदुखीमुळें तें शिक्षण अर्ध्यावर सोडावें लागलें. शरीर सुधारावें म्हणून १८९० सालीं त्या बॉस्टनच्या एका व्यायामशिक्षण-संस्थेंत दाखल झाल्या. प्रारंभीं पांच मिनिटें ताठ उभें राहणेंही त्यांस जड जाई. पण नित्याच्या अभ्यासानें अंगांत बळ आलें, आणि व्यायाम शिकविणें हेंच त्यांचें जीवितकार्य झालें.

१८९२ च्या जानेवारींत नॉर्थॅम्प्टन येथील स्मिथ कॉलेज या स्त्रियांच्या विद्यालयांत त्यांची नेमणूक झाली. आदल्याच महिन्यांत जवळच्या स्प्रिंगफील्ड गांवीं, वाय. एम. सी. ए. च्या विद्यालयांत, जेम्स नेस्मिथ यांनीं फळांच्या टोपल्या उंच सज्जास ठोकून हा खेळ सुरू केला होता. त्याची हकीकत वाचून सेंडाबाईंनीं तो आपल्या विद्यार्थिनींस शिकविला. २२ मार्च १८९३ रोजीं तेथील दोन वर्गांचा सामना झाला. पुरुष प्रेक्षकांस आंत प्रवेश नव्हता!

धांवपळ व झोंबाझोंबी मुलींस शोभत नाहीं, असा त्या काळचा समज. म्हणून सेंडाबाईंनीं मैदानाचे तीन भाग पाडले. आपला भाग सोडूं नये, दुसरीच्या हातचा चेंडू हिसकावूं नये, तीन सेकंदांहून अधिक वेळ तो धरूं नये, असे नियम त्यांनीं घालून दिले. पुढें अनेक वर्षें मुलींच्या खेळाच्या नियमपुस्तकाचें संपादनही त्यांनींच केलें.

हीं बंधनें पुढील पिढीस जाचक वाटलीं, हें आम्ही लपवीत नाहीं. १९३६ सालीं मिसूरी संस्थानांत 'ऑल अमेरिकन रेड हेड्स' हा स्त्रियांचा धंदेवाईक संघ निघाला. तांबड्या केसांच्या या खेळाडू गांवोगांव फिरून पुरुषांच्या संघांशीं, पुरुषांच्याच नियमांनीं खेळत. हा संघ १९८६ पर्यंत, म्हणजे ५० वर्षें टिकला. १९७६ सालीं ऑलिंपिकमध्येंही स्त्रियांच्या बास्केटबॉलला स्थान मिळालें. तथापि दार उघडल्यावांचून अंगणांत जातां येत नाहीं. आणि तें दार सेंडाबाईंनीं उघडलें होतें.

१६ फेब्रुवारी १९५४ रोजीं त्यांचें देहावसान झालें. १९८५ सालीं बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरांत त्यांच्या नांवाचा समावेश झाला.

मुलगी अशक्त आहे म्हणून तिला खेळापासून दूर ठेवणाऱ्या पालकांनीं हें चरित्र ध्यानांत घ्यावें. शरीर ही परमेश्वराची ठेव आहे. ती कुलुपांत ठेवून वाढत नाहीं, वापरल्यानेंच वाढते.