विश्वासाने वसलेली वाडी

आमच्या कतारगामात सकाळ उजाडते ती कारखान्याच्या वाटेने जाणाऱ्या पावलांनी. कोणी हिऱ्याच्या घंटीवर बसावयास निघालेला असतो, तर कोणी मागावर. हिऱ्याच्या कारखान्यात इवलेसे खडे मोजून, तोलून कारीगराच्या हाती दिले जातात आणि घासून, पैलू पाडून तो ते परत करतो. शेठ खडे सोपवितो ते कारीगराच्या सचोटीवर. कारीगर आपले डोळे व बोटे झिजवितो ती ठरलेली मजुरी मिळेल या भरवशावर. हा भरवसा एकदा ढळला म्हणजे मालक व कामगार यांची मने कशी दुरावतात, हे आमच्या पुष्कळ वाचकांस घरच्या बोलण्यांतून ठाऊक असेल. म्हणूनच ज्याने असा भरवसा आधी स्वतः दाखविला आणि मग दुसऱ्याकडून मिळविला, अशा एका मराठी कारखानदाराची ओळख आम्ही येथे करून देत आहोत. त्यांचे नाव लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रे आणि यंत्रे यांचीच त्यांना अधिक ओढ. वडील बंधू रामूअण्णा यांनी पैशाचे साहाय्य केले, तेव्हा ते मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत दाखल झाले. परंतु त्यांच्या दृष्टीस काही रंगांतील भेद नीट उमगत नाही, असे पुढे आढळून आले. चित्रकार होण्याची आशा तेथेच संपली. मात्र रंगांवाचून ज्याचे अडत नाही, ते यंत्रांचे रेखाटन त्यांनी उत्तम साध्य केले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते त्याच विषयाचे शिक्षक झाले.

तेथे त्यांनी मन लावून काम केले. बढतीची वेळ आली तेव्हा मात्र त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. काम चोख, अनुभव पुरेसा, आणि तरीही जागा दुसऱ्यास! असा प्रसंग आला म्हणजे कोणी मनातल्या मनात कुढत राहतो, तर कोणी अंग चोरून काम करू लागतो. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावास परतले. वरिष्ठांच्या न्यायबुद्धीवरील विश्वास उडाला की चांगला माणूस कसा हातचा जातो, याचा अनुभव त्यांनी नोकराच्या बाजूने घेतला होता. पुढे मालक झाल्यावर ते जसे वागले, त्याचे मूळ आम्हांस येथे दिसते.

बेळगावास सायकलींचे दुकान होतेच. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ १८८८ पासून मानला जातो. त्यानंतर कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर यांकडे लक्ष्मणराव वळले. पण नांगर घेणार कोण? लोखंडाने जमिनीस विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. त्या शेतकऱ्यांस आम्ही तरी हसणार नाही. ज्याचे वर्षाचे अन्न एका पिकावर अवलंबून, त्याने नव्या वस्तूवर एकाएकी विश्वास का ठेवावा?

इतक्यात गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम नगरपालिकेने काढला. यंत्रे व माणसे घेऊन जावे कोठे? अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, स्वतः चित्रे काढणारे हे राजे. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. ज्याचा माल अजून नीटसा खपत नव्हता त्याच्यावर टाकलेला हा विश्वास लहान नव्हता.

ही जमीन म्हणजे बत्तीस एकरांचे ओसाड माळरान, निवडुंगाने भरलेले आणि नागांचा सुळसुळाट असलेले. १९१० साली लक्ष्मणराव तेथे उतरले ते पंचवीस कामगार व त्यांची कुटुंबे यांसह. वाचकहो, क्षणभर या कुटुंबांचा विचार करावा. त्यांना बेळगावचे घरदार सोडून रानात जावयाचे होते. आमच्या सुरतेतील कित्येक मराठी घराण्यांनी खानदेशातील गाव सोडताना जे अनुभवले, त्याच जातीचा हा अनुभव. परंतु येथे मालकही त्याच माळावर, त्याच सापांच्या शेजारी राहावयास आला होता.

लक्ष्मणरावांनी निवडलेली माणसे पाहिली म्हणजे नवल वाटते. वस्तीची आखणी व कारभार रामूअण्णांनी पाहिला. थोरल्या भावाने धाकट्याच्या उद्योगात राबण्यात कमीपणा मानला नाही. शंभूराव जांभेकर अभियंते, तर मंगेशराव रेगे हिशेबनीस. अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडलेली. पण त्यांच्या डोक्यात यंत्रांच्या नवनव्या कल्पना येत, म्हणून लक्ष्मणरावांनी त्यांस ते काम दिले. आणि रात्रीच्या पहाऱ्यावर होते तुकाराम व पिऱ्या. हे दोघे दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले! ज्या समाजांतून ते आले, त्यांकडे जग संशयानेच पाही. १८७१ पासून कायद्यानेच अनेक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या जात होत्या आणि तो कायदा १९५२ साली रद्द होईपर्यंत हा कलंक टिकला. प्रत्येक माणसात मूळचा चांगुलपणा असतो, अशी लक्ष्मणरावांची श्रद्धा होती आणि तिच्यावर त्यांनी आपला कारखाना व झोपलेली बायकामुले यांची राखण सोपविली. तुकाराम व पिऱ्या वाडीचे विश्वासू रखवालदार ठरले.

विश्वास टाकणे म्हणजे डोळे मिटणे, असे मात्र कोणी समजू नये. रेग्यांच्या वह्या होत्याच. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, हाही नियम होता, आणि त्या काळी तो अनेकांच्या गळी सहज उतरण्यासारखा नव्हता. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. जेथे नोकरी आणि घर ही दोन्ही एकाच मालकाच्या हाती असतात, तेथे मालक चांगला निघाला नाही तर कामगारास आसरा उरत नाही. किर्लोस्करवाडीस चांगला मालक लाभला. प्रत्येक वस्तीचे भाग्य असे नसते.

पुढे नांगरांस मागणी आली, पंप आले, उद्योगाच्या शाखा दूरवर पसरल्या. १९२० साली वाडीतून निघू लागलेल्या नियतकालिकाने मराठी घराघरांत प्रवेश केला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. कुंडल रोड स्थानकास आता किर्लोस्करवाडी हेच नाव आहे. आणि त्या वाडीच्या आरंभीच्या इतिहासात अभियंते जांभेकर व हिशेबनीस रेगे यांच्या शेजारी पहारेकरी तुकाराम व पिऱ्या यांचीही नावे घेतली जातात.