विलायतेंतील हिंवाळा आणि पंडिता रमाबाईंचें लहानपण

इंग्लंडांतील हिंवाळा आपल्याकडील हिंवाळ्यासारखा नसतो. आपल्या खेड्यांत थंडी पडली तरी दिवस वर आला म्हणजे अंगणांत ऊन येतें, आणि दोन प्रहरीं घोंगडी बाजूस ठेवावी लागते. तेथें डिसेंबरांत दुपारीं चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि धुकें असलें तर तो उगवला कधीं हेंहि समजत नाहीं. अशा देशांत पंडिता रमाबाईंनीं तीन हिंवाळे काढिले. इ. स. १८८३ च्या मे महिन्यांत त्या तेथें पोहोंचल्या आणि १८८६ च्या आरंभीं अमेरिकेस गेल्या.

पहिले दिवस वाँटेज गांवच्या धर्मभगिनींच्या मठांत गेले. तेथेंच १८८३ च्या २९ सप्टेंबर रोजीं त्यांचा व त्यांची दोन वर्षांची मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. पुढें त्या चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत राहून स्वतः इंग्रजी, गणित व सृष्टिशास्त्र शिकत आणि दुसऱ्यांस संस्कृत शिकवीत. मनोरमा बहुतेक वेळ वाँटेजच्या भगिनींपाशींच असे. आई एका गांवीं, मूल दुसऱ्या गांवीं, आणि दोघींमध्यें पत्रांचा काय तो आधार.

कॉलेजास सुटी आहे, मुली आपापल्या घरीं गेल्या आहेत, आणि ही सव्वीस वर्षांची विधवा विस्तवाजवळ एकटी बसली आहे, असा एखादा दिवस वाचकांनीं मनांत आणावा. तिला परत जाण्यास माहेर नव्हतें. आईबाप, वडील बहीण, भाऊ आणि पति, सर्व मृत्यूनें नेले होते. अशा वेळीं मन लहानपणाकडे जावें यांत नवल नाहीं. आणि बाईंचें लहानपण कसें होतें हें त्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेविलें आहे.

त्यांचा जन्म १८५८ सालीं सह्याद्रीच्या रानांत, गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, म्हणून लोकांचा राग ओढवून घेतला. रमा सहा महिन्यांची असतांना घर मोडलें. वेताच्या पेटींत घालून एका माणसाच्या डोक्यावरून तिला डोंगराखालीं आणिलें, आणि तेथून तीर्थयात्रा सुरू झाली ती संपलीच नाहीं. आई लक्ष्मीबाई दिवसभर घरकामांत असत, म्हणून पहांटे, पांखरें जागीं होण्याच्या वेळेस, त्या झोंपलेल्या मुलीस मांडीवर घेऊन उठवीत आणि भागवताचे श्लोक तोंडानें सांगत. रमेची शाळा ती हीच. पाटी नाहीं, पुस्तक नाहीं. आईचा आवाज आणि मुलीचा कान.

तोच कान विलायतेंत त्यांस दगा देऊं लागला. वैद्यकी शिकून स्वदेशीं जावें असा त्यांचा बेत होता. परंतु बहिरेपण वाढलें आणि तो बेत सोडावा लागला. जिचें सर्व शिक्षण ऐकून झालें होतें, तिला हें किती जड गेलें असेल!

आतां भुकेची गोष्ट. मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला तेव्हां शास्त्रीबोवांजवळचा पैसा दानधर्मांत व देवस्थानांत संपून गेला होता. पुराण सांगण्यावांचून दुसरें काम कोणास ठाऊक नव्हतें. मजुरी करावी तर ब्राह्मणपण आड येई. भीक मागावी तर लाज वाटे. तिरुपतीजवळच्या रानांत हें कुटुंब कित्येक दिवस झाडपाला खाऊन राहिलें. शेवटीं मुलगा श्रीनिवास यानें अभिमान सोडून मजुरी करण्याचें ठरविलें, परंतु तोंवर उशीर झाला होता. १८७४ सालीं वडील वारले. थोड्याच दिवसांनीं आई तापानें अंथरुणास खिळली. तिच्यासाठीं बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागावयास रमा शेजारच्या एका ब्राह्मण बाईकडे गेली. तोंडांतून शब्द फुटेना, डोळ्यांतून मात्र पाणी वाहूं लागलें. त्या बाईनें भाकरी दिली. परंतु आई वांचली नाहीं. तिला न्यावयास माणसें पुरेनात, म्हणून सोळा वर्षांच्या मुलीनें तिरडीस हात लाविला. आणि ती ठेंगणी असल्यामुळें तिनें ती डोक्यावर घेतली.

मग भाऊबहीण पायीं पायीं उत्तरेकडे गेलीं. पायांत वहाणा नाहींत, अंगावर पांघरूण नाहीं. मूठभर धान्य पाण्यांत भिजवून मिठाशीं खावें, तें न मिळाल्यास रानफळें बियांसकट गिळावीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं एके रात्रीं थंडी अगदींच सोसेना. तेव्हां दोघांनीं थडग्यासारखे दोन खळगे खणिले, त्यांत निजून डोक्याखेरीज सर्व अंगावर नदीची कोरडी वाळू ओढून घेतली आणि ती रात्र काढिली. चेल्टनहॅमच्या उबदार खोलींत बसणाऱ्या बाईस थंडी म्हणजे काय हें दुसऱ्यानें शिकविण्याची गरज नव्हती.

विलायतेंत त्यांस अन्न, वस्त्र, विद्या व प्रेमहि मिळालें. त्याबद्दल त्या कृतज्ञ होत्या. तथापि जो खाऊं घालतो त्याचें सर्वच ऐकलें पाहिजे, असें त्यांनीं मानिलें नाहीं. मांस त्यांनीं घेतलें नाहीं. अंडें घातलेलें पक्वान्नहि त्या नाकारीत. क्रुसावर लॅटिन शब्द होते, तेव्हां हिंदुस्थानांतील माणसास संस्कृत कां नको, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनीं पुरुषांस शिकवूं नये असें हिंदुस्थानांतील कांहीं बिशपांचें मत पडलें, तेंहि त्यांनीं मुकाट्यानें कबूल केलें नाहीं. भगिनींस हा गर्व वाटला. आम्हांस वाटतें, ज्या मुलीनें एकदां भाकरीसाठीं परक्याच्या दारांत उभें राहून पाहिलें, तिला अन्नाचें मोल ठाऊक असतें, तसें मान न वांकविण्याचेंहि असतें. मठाच्या ज्या आश्रमांत पतित स्त्रियांस जवळ करून सांभाळीत, तो लंडनजवळचा फुलहॅम येथील आश्रम पाहून मात्र त्यांचें मन पुरतें द्रवलें.

१८८९ सालीं मुंबईस शारदासदन निघालें, व पुढील वर्षीं तें पुण्यास आलें. १८९६ सालीं पुनः दुष्काळ पडला. मध्यप्रांतांतून उपाशी मुलींच्या बातम्या येऊं लागल्या, तेव्हां बाई तिकडे स्वतः गेल्या. रस्त्याच्या कडेस बसलेलीं हाडकुळीं पोरें पाहून त्यांस बावीस वर्षांपूर्वींचें आपलें घर दिसलें, आणि १८९७ सालीं त्यांनीं आपल्या दुष्काळाची हकीकत लिहून प्रसिद्ध केली. त्या वर्षीं सुमारें तीनशें मुली व विधवा त्यांनीं आणिल्या. पुण्यांत एवढ्यांस जागा नव्हती. म्हणून केडगांवास जी शेतजमीन घेऊन ठेविली होती, तेथें झोंपड्या उभारून त्या मुलींस उतरविलें, आणि चुली पेटल्या.