मे मॉरिस : सुई आणि रंगांची उपासिका

भरतकाम म्हणजे बायकांचा रिकाम्या वेळचा उद्योग, असे मानणारे लोक आजही थोडे नाहीत. तसे कोणी म्हणाले की मला मे मॉरिस या इंग्रज बाईंचे चरित्र आठवते. आपल्या स्मरणिकेच्या वाचक भगिनींना त्यांचा अल्प परिचय करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

मेबाईंचा जन्म २५ मार्च १८६२ रोजी लंडनजवळच्या बेक्सलीहीथ येथे झाला. वडील विल्यम मॉरिस हे नामांकित कवी व कारागीर. आई जेन ही ऑक्सफर्डच्या एका मोतद्दाराची मुलगी. या पतिपत्नींनी जुने भरतकाम उसवून, टाका कसा घातला आहे हे निरखून ती विद्या हस्तगत केली होती. मेबाईंना ती आईकडून व मावशीकडून मिळाली. उसवण्यातूनही शिकता येते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्या काळी रंगांची मोठी उलथापालथ चालली होती. १८५६ साली पर्किन या तरुणाने डांबरातील द्रव्यापासून जांभळा रंग काढला आणि हळूहळू बाजार कृत्रिम रंगांनी भरून गेला. ते भडक, आणि पुष्कळसे लवकर विटणारे. मॉरिस यांना ते सोसवेनात. त्यांनी लीक गावी टॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेत जाऊन वनस्पतींचे रंग नव्याने शिकून घेतले. निळ्यासाठी नीळ, तांबड्यासाठी मंजिष्ठाच्या जातीचे मूळ, पिवळ्यासाठी वेल्ड नावाची वनस्पती, तपकिरीसाठी अक्रोडाचे मूळ. निळीच्या पिंपातून काढलेले सूत प्रथम हिरवट दिसते. वारा लागला की निळे होते. हे काम करताना मॉरिस यांचे हात निळे होऊन जात! हेच वॉर्डल आपल्याकडील टसर रेशमावर रंग चढवण्यासाठीही खटपट करीत होते.

अशा रंगांच्या रेशमानेच मेबाई भरत असत. १८८५ साली, अवघ्या तेविसाव्या वर्षी, वडिलांच्या कंपनीच्या भरतकाम विभागाची सर्व जबाबदारी त्यांनी उचलली. नमुने काढणे, किंमत ठरवणे, हाताखालच्या मुलींना शिकवणे, सारे त्याच पाहत. कवी येट्स यांची बहीण लिली त्यांच्यापाशीच शिकली आणि पुढे आयर्लंडमध्ये तिने स्वतः मुलींना ही कला दिली. १८९३ साली मेबाईंनी भरतकामावर पुस्तकही लिहिले.

एवढे करूनही श्रेय मात्र दुसरीकडे गेले. १८८३ चा त्यांचा ‘हनीसकल’ हा भिंतीच्या कागदाचा नमुना कित्येक वर्षे वडिलांच्याच नावावर मोडत होता. कारागिरांच्या नामांकित संघात स्त्रियांना प्रवेश नव्हता. तेव्हा रुसून न बसता १९०७ साली त्यांनी मैत्रिणींसह स्त्री-कलावंतांचा स्वतंत्र संघ काढला. १७ ऑक्टोबर १९३८ रोजी केल्मस्कॉट येथे त्यांचे देहावसान झाले.

भगिनींनो, आपणही मुलींना नुसते टाके शिकवून थांबू नये. सूत कशाचे, रंग कोठला, धुणावळीचे पाणी शेवटी कोठे जाते, हेही त्यांना कळू द्यावे. आणि रुमाल का असेना, त्याच्या कोपऱ्यात करणारणीचे नाव आवर्जून घालायला लावावे, असे मला मनापासून वाटते.