सुरतेतले दादोबा

माणूस परिस्थितीने घडतो की संस्काराने, हा आपल्या वक्तृत्व स्पर्धांचा आवडता विषय आहे. परीक्षक म्हणून मी या विषयावरची भाषणे इतक्या वेळा ऐकली आहेत की कोणता विद्यार्थी कोठे टाळी घेणार हे मला आधीच कळते. पण हाच प्रश्न माझ्या घरात येऊन उभा राहिला, तेव्हा मी परीक्षकाच्या खुर्चीत नव्हतो, आरोपीच्या पिंजऱ्यात होतो. माझी चूक मला दाखवून दिली ती १८८२ साली निवर्तलेल्या एका गृहस्थाने. मराठीचे व्याकरणकार रावबहादुर दादोबा पांडुरंग तर्खडकर हे ते गृहस्थ. त्यांचेच चरित्र आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

आधी घरची गोष्ट. माझे थोरले बंधू नोकरीच्या निमित्ताने सुरतेस गेले आणि तेथेच स्थायिक झाले. पुतण्या तेथेच जन्मला, गुजराती शाळेत शिकला. १९९६ साली, दहा वर्षांचा असताना, त्याने मला मराठीत पत्र लिहिले. त्यात खिडकीला बारी म्हटले होते, पुस्तकाला चोपडी म्हटले होते, आणि पप्पा रविवारी नवरे असतात असे एक वाक्य होते. गुजरातीत नवरो म्हणजे रिकामा, मोकळा. वडिलांना रविवारी सुटी असते, एवढेच त्या बिचाऱ्याला सांगायचे होते. मी त्या पत्रातील चुका लाल शाईने दुरुस्त करून ते परत पाठवले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण पुढे एका लग्नाच्या पंगतीत मी ते वाक्य चारचौघांना सांगून हशा मिळवला. त्याच पंगतीत तोही बसला होता. त्यानंतर त्याने मला कधी मराठीत पत्र लिहिले नाही. भेटला की वाकून नमस्कार करायचा आणि बोलायचा हिंदीत.

मराठीचा प्राध्यापक मी, आणि सख्खा पुतण्या माझ्याशी हिंदीत बोलतो! दोष परिस्थितीचा, असे म्हणून मी कित्येक वर्षे स्वतःचे समाधान करून घेतले. मध्यंतरी दिवाळीच्या सुटीत सुरतेस गेलो. दुपारी वाचायला म्हणून पिशवीत दादोबांचे आत्मचरित्र टाकले होते. मराठीतील अगदी आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी हे एक. अ. का. प्रियोळकरांनी ते १९४७ साली संपादून प्रसिद्ध केले. दादोबा काही वर्षे सुरतेस मास्तर होते हे मला ठाऊक होते. पण ज्या गावात ते राहिले त्याच गावात बसून त्यांच्या आयुष्याचा विचार करताना, मला ठाऊक असलेल्याच गोष्टी निराळ्या दिसू लागल्या.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खड गावचे, म्हणून आडनाव तर्खडकर. पुण्यात अजून पेशवाई होती, ती जायला चार वर्षे अवकाश होता. मुंबईत मात्र केव्हाचेच इंग्रजांचे राज्य. तेथल्या बाजारात मराठी होती, वाण्यांची आणि पारशांची गुजराती होती, कचेरीत इंग्रजी होती. या शहरात पंतोजीच्या शाळेत धुळाक्षरे गिरवून दादोबा पुढे नव्या इंग्रजी शाळेत गेले. पुढे तरुणपणी माळव्यातील जावऱ्याच्या नवाबाकडे त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. एक बोली घरची, दुसरी बाजाराची, तिसरी शाळेची, चौथी दरबाराची. भाषा बिघडायला याहून अधिक सोयीची परिस्थिती कोणती असणार? पण याच परिस्थितीतून मराठीचा व्याकरणकार निघाला.

हे कसे झाले? मला वाटते, जो मनुष्य एकच भाषा ऐकत वाढतो त्याला तिचे नियम सहसा जाणवत नाहीत. श्वास जाणवत नाही, तसेच ते आहे. दुसरी भाषा शिकू लागले की मग आपण विचारू लागतो, त्यांच्याकडे हे असे का आणि आपल्याकडे तसे का? मराठीचे व्याकरण दादोबांच्या आधीही लिहिले गेले होते. विल्यम केरी यांनी १८०५ साली ते सेरामपूर येथे छापले. पण ते इंग्रजीत होते आणि मराठी शिकणाऱ्या साहेबांसाठी होते. मराठी मुलांना मराठीतून मराठीचे नियम सांगणाऱ्या पुस्तकाची उणीव होती. महाराष्ट्र भाषेचे व्याकरण हे दादोबांचे पुस्तक १८३६ साली निघाले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. नमुना म्हणून त्यांच्यासमोर लिंडले मरे यांचे त्या काळी शाळाशाळांतून चालणारे इंग्रजी व्याकरण होते. आज आपण नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद अशा शब्दांच्या आठ जाती पाठ करतो. ही मांडणी मराठी शाळांत रुजली त्याचे मोठे श्रेय या पुस्तकाला आहे. मराठीचे पाणिनी असे त्यांना पुढे म्हणू लागले.

हे मराठीचे पाणिनी १८४० नंतर सरकारी इंग्रजी शाळेचे मास्तर म्हणून सुरतेस आले. सुरतेचे वैभव तेव्हा ओसरले होते. एकेकाळी मोगलांचे हे मोठे बंदर. पण व्यापार मुंबईकडे गेला होता, आणि १८३७ सालच्या प्रचंड आगीत निम्मे-अधिक शहर होरपळले होते. १८४४ साली सरकारने मिठावरील कर वाढवला तेव्हा याच सुरतेत दंगल उसळली. एका बाजूला गांजलेले लोक, दुसऱ्या बाजूला मिशनऱ्यांचा धर्मप्रसार, तिसऱ्या बाजूला भूतबाधा काढणाऱ्या मांत्रिकांचा सुळसुळाट, अशी त्या शहराची स्थिती होती.

येथे दादोबांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहताजी या नागर ब्राह्मण शिक्षकाशी पडली. मेहताजी म्हणजे गुजरातीतला मास्तर. दुर्गाराम सुरतेचेच, १८०९ साली जन्मलेले, सरकारी गुजराती शाळेत शिकवीत. विधवांची दुःस्थिती त्यांना छळत होती, जातीचे बंध त्यांना जाचत होते. या दोघांनी २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन केली. ईश्वर एक, मानवजात एक, ही सभेची धारणा. जातिभेद, मूर्तिपूजा, विधवाविवाहाची बंदी, जादूटोणा यांवर सभेत उघड चर्चा चाले. मांत्रिकांनी आपले सामर्थ्य सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवावे, असे आव्हानही सभेने दिले. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास हे सभेचे पाच प्रमुख. पाचांचीही नावे द या अक्षराने सुरू होणारी, म्हणून लोक त्यांना पाच दद्दे म्हणत. भारताच्या पश्चिम भागातील अशा स्वरूपाची ही पहिलीच धर्मसुधारणेची सभा मानली जाते.

येथेच मी पुस्तक मिटून विचार करू लागलो. या सभेचे कामकाज गुजरातीत चाले. म्हणजे मराठीच्या व्याकरणकाराने आपल्या आयुष्यातले पहिले मोठे सार्वजनिक कार्य दुसऱ्यांच्या भाषेत केले. इंग्रजी शाळेचे मास्तर, मराठी व्याकरणाचे कर्ते, असा अभिमान धरून ते अलिप्त राहू शकले असते. आणि गंमत अशी की याच सुरतेच्या काळात, १८४३ साली, त्यांनी धर्मविवेचन हा ग्रंथ लिहिला तो मराठीत. तो छापून निघायला पुढे १८६८ साल उजाडले. मनाशी विचार करताना मराठी आणि शेजाऱ्यांबरोबर काम करताना गुजराती, यात त्यांना काही विसंगत वाटले नसावे.

त्या काळात गुजरातीही मराठीसारखीच नव्या रूपासाठी धडपडत होती. दुर्गाराम मेहताजींच्या शाळेत शिकलेला, १८३३ साली जन्मलेला नर्मदाशंकर नावाचा मुलगा पुढे कवी नर्मद म्हणून प्रसिद्धीस आला आणि १८७३ साली त्याने एकट्याच्या बळावर गुजरातीचा मोठा कोश पुरा करून छापला. गोपीपुऱ्यातील त्याचे घर सुरतेत मी पाहिले. एका भाषेचा व्याकरणकार ज्याचा सहकारी, दुसऱ्या भाषेचा कोशकार ज्याचा विद्यार्थी, असा तो मेहताजी किती भाग्यवान म्हणावा!

१८४६ च्या सुमारास दादोबांची मुंबईस बदली झाली. ते गेल्यावर सभेचा जोर ओसरला, आणि १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला गेल्यावर ती बंदच पडली. पण सुरतेत पेरलेले वाया गेले नाही. १८४९ साली मुंबईत जातिभेद न मानणाऱ्यांची परमहंस सभा निघाली, तिच्या मुळाशी दादोबांचेच विचार होते. ती गुप्त सभा होती. सभासदांची यादी बाहेर फुटली तेव्हा ती विस्कटली. पुढे दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी पुढाकार घेऊन १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन केला. दादोबा स्वतः काही काळ शिक्षकांना शिकवण्याच्या वर्गाचे प्रमुख होते. नंतर नगरकडे डेप्युटी कलेक्टर झाले आणि रावबहादुर ही पदवी त्यांना मिळाली.

आता या घराण्यातील भाषेची वाटचाल पाहा. दादोबांनी मराठीचे नियम बांधले. मधले बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली मुंबईच्या इंग्रजी पत्रात कंपनी सरकारच्या कारभारावर सडेतोड पत्रे लिहिली, राज्यकर्त्यांना त्यांच्याच भाषेत जाब विचारला. आणि पुढच्या पिढीतील, डॉ. आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा, हिने १८७८ साली विलायतेला निघालेल्या सतरा वर्षांच्या रवींद्रनाथ ठाकुरांना मुंबईत आपल्या घरी इंग्रजी शिकवले. ज्या घरात मराठीचे व्याकरण झाले त्याच घरातील मुलगी एका बंगाली कवीला इंग्रजी शिकवते! या शाखेचे आडनावही इंग्रजी लिहिण्यात तर्खडकरचे नुसते तर्खड झाले. तिने पुढे एका परदेशी प्राध्यापकाशी विवाह केला आणि १८९१ साली ती परदेशातच वारली. काकांना हे कितपत रुचले असते? त्याच १८७८ साली काकांचेही स्वीडनबोर्ग या तत्त्वज्ञाविषयीचे इंग्रजी पुस्तक लंडनला छापले गेले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पण म्हणून दादोबांचे मराठीचे प्रेम आटले असे समजू नये. १८६५ साली त्यांनी मोरोपंतांच्या केकावलीवर टीका लिहिली आणि आई यशोदा व वडील पांडुरंग यांच्या नावांवरून तिला यशोदापांडुरंगी हे नाव दिले. घरचा संस्कार याहून सुंदर रीतीने कोणी नोंदवला असेल असे मला वाटत नाही. त्याच वर्षी मुलांसाठी त्यांनी लघु व्याकरण काढले. आणि मोठे व्याकरण? १८३६ चे पहिले पुस्तक त्यांनी जसेच्या तसे ठेवले नाही. १८५० च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ते पुष्कळ बदलले, पुढील आवृत्त्यांत भर घातली, आणि १८८१ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्या व्याकरणाची पूरणिका लिहिली. पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, त्यांचा देहान्त झाला.

विद्यार्थी मित्रहो, मला गाठले ते येथे. ज्यांनी नियम केले ते पंचेचाळीस वर्षे स्वतःचे नियम दुरुस्त करीत होते. आणि मी? मी दहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच पत्रात शुद्ध लिहायला सांगत होतो, लिहिले नाही म्हणून हसत होतो. त्याच्या मराठीला परिस्थितीने धक्का लावला नव्हता. परिस्थितीने दिलेल्या गुजराती शब्दांच्या काठीवर तोल सांभाळीत तो माझ्याकडे चालत येत होता. ती काठी मी काढून घेतली. संस्कार, संस्कार म्हणून आपण ज्याचा घोष करतो, तो करण्याची माझी पाळी आली तेव्हा मी हा असा संस्कार केला.

त्या संध्याकाळी मी पुतण्याला हे सारे सांगितले आणि त्या लग्नातल्या पंगतीबद्दल त्याची क्षमा मागितली. तो आता बापमाणूस झाला आहे. थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने ते पत्र आईने कपाटात जपून ठेवले असल्याचे सांगितले. लाल शाईसकट. हे त्याने मराठीत सांगितले.

त्याची मुलगी आठ वर्षांची आहे. तिच्याकडून मी गुजराती मुळाक्षरे शिकलो. गुजराती अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते. माझा हात सवयीने रेघ ओढी, आणि ती न हसता ती रेघ खोडून देई. गेल्या महिन्यात तिचे मला मराठीत पत्र आले. कोठल्याच शब्दावर रेघ नाही. मी त्या ओढायला बसलो नाही, उत्तर लिहायला बसलो.

आपल्या या महाविद्यालयात एका वर्गात मराठी चालते, शेजारच्या वर्गात कन्नड. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द आपण कन्नडातून कधी घेतले ते आपल्याला आठवतही नाही. शेजारच्या वर्गातला कोणी अडखळत मराठी बोलू लागला, किंवा आपल्यातला कोणी कन्नड, तर त्याला वाक्य पुरे करू द्यावे. माझ्यासारख्याने चोवीस-पंचवीस वर्षे घालवून शिकलेला हा धडा तुम्हांला आयता देत आहे.